वावर विकण्याआधी

परवाचीच गोष्ट. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका अकरावीतल्या मुलीची आई संध्याकाळी घरी आली. चहाचा कप तसाच ठेवून म्हणाली, "बाई, पोरगी इमान चालवीन म्हन्ते. तीन एकर वावर आहे. इकून टाकू काय?"

मैत्रिणींनो, मी आपली बी.ए. झालेली, अर्धवेळ शिकवणारी. एकदम काय सांगणार? पण त्या माउलीचे वावर जायची वेळ होती, म्हणून आठवडाभर माहिती गोळा केली. आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या इतर आयांनाही ती उपयोगी पडेल.

'हे मुलींचे काम नव्हे' असे कुणी म्हटले तर मनावर घेऊ नका. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन या दोघींनी कलकत्ता-सिलचर विमान नेले होते. प्रश्न मुलीचा नाही, नोकरीचा आहे.

आपण पेरताना सोयाबीनचा भाव बघतो, पैसे मात्र काढणीच्या भावाने मिळतात. इथेही तसेच. शिक्षणात दीड-दोन वर्षे सहज जातात. २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली. अनुभवी वैमानिकच रांगेत उभे राहिले, तिथे नवख्यांना कोण विचारणार? उलट त्याच २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमाने मागवली. विश्रांतीचे नवे नियम आले आणि डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिक कमी पडून इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. म्हणजे गरज आहे, पण आपली मुलगी तयार होईल त्या वर्षी ती असेलच, हे कोणी सांगू शकत नाही.

मग काय करावे? पावले क्रमाने टाकावीत.

आधी वैद्यकीय तपासणी. चष्मा चालतो, पण रंग ओळखण्यात दोष असला तर अडचण येते. हे फी भरण्याआधीच कळलेले बरे.

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित सोडू देऊ नका. हवामान, नेव्हिगेशन, हवाई नियम यांच्या लेखी परीक्षा आधी देता येतात. त्यांना खर्च थोडा, आणि मुलीची चिकाटीही दिसते.

परवान्याला २०० तास उड्डाण लागते. आपल्या बाजूला गोंदियाचे बिरसी आहे. अमरावतीच्या बेलोऱ्यालाही एअर इंडियाने प्रशिक्षण संस्था उभारण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. पण जवळ म्हणून चांगली असे समजू नका. तिथे शिकणाऱ्या मुलांनाच विचारा, तास किती महिन्यांत पूर्ण होतात? सगळी फी एकदम भरू नका.

आणि खर्च परवान्यापाशी थांबत नाही. मोठ्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याचेही काही लाख. शिवाय नोकरी मिळेपर्यंत कर्जाचे हप्ते, तपासण्या, सराव. या वाट पाहण्याच्या वर्षाचे पैसे ज्या घराच्या हिशोबात नाहीत, तिथेच वावर जाते. सोबत बाहेरून पदवीही करू द्या, म्हणजे हाताला दुसरे काम राहील.

हे सगळे मी त्या बाईंना सांगितले. वावर विकणे तूर्त थांबले आहे. पुढच्या आठवड्यात मायलेकी तपासणीला जाणार आहेत. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.