गुडघा सांधारोपणानंतरची व्रणऊती आणि पुनर्वसन : जवळा बाजार परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

गुडघ्याचा संपूर्ण कृत्रिम सांधा बसविण्याची आधुनिक पद्धती १९७० च्या दशकात न्यूयॉर्क येथे विकसित झाली. त्या कार्यात डॉ. जॉन इन्सॉल यांच्यासमवेत भारतीय वंशाचे डॉ. चित्तरंजन राणावत यांचा महत्त्वाचा वाटा होता. ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर आणि जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कॅण्डी रुग्णालयात डॉ. राणावत यांनीच शस्त्रक्रिया केली. या घटनेमुळे 'गुडघा बदलणे' हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोहोचला. पुढे १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत त्या वेळी कर वगळून ५४,७२० रुपये ठरविण्यात आली. परिणामी ही शस्त्रक्रिया मध्यमवर्गीय व शेतकरी कुटुंबांच्या विचारकक्षेत आली.

शस्त्रक्रियेविषयी समाजात जेवढी चर्चा होते, तेवढी तिच्यानंतरच्या काळाविषयी होत नाही. सांधा उत्तम बसूनही गुडघा ताठ राहिल्याची उदाहरणे आढळतात. या ताठरपणाच्या मुळाशी बहुधा व्रणऊती असते. ती कशी तयार होते, तिला योग्य वळण कसे लावता येते आणि जवळा बाजारसारख्या गावात त्यासाठी काय करणे शक्य आहे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्रणऊतीचे स्वरूप

जखम भरून येणे ही शरीराची नैसर्गिक प्रक्रिया होय. शस्त्रक्रियेत त्वचा, तिच्याखालील मेद, सांध्याचे आवरण आणि आतील अस्तर छेदले जाते. पहिल्या काही दिवसांत तेथे दाह व सूज असते. त्यानंतर तंतुजनक पेशी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे विणू लागतात. हे धागे आरंभी अस्ताव्यस्त असतात. सांध्याची हालचाल होत राहिली, तर ताणाच्या दिशेने त्यांची मांडणी होते आणि ऊती लवचीक राहते. हालचाल थांबली, तर हेच धागे शेजारच्या थरांना चिकटतात व आखडतात. पुनर्रचनेचे हे कार्य वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ चालते. तथापि दिशा ठरते ती पहिल्या काही आठवड्यांत.

गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या बाजूस पिशवीसारखी एक पोकळी असते. पाय वाकतो तेव्हा तिचे पदर एकमेकांवरून सरकतात. हे पदर परस्परांना चिकटले, की वाटी खाली सरकत नाही आणि गुडघा वाकत नाही. सांध्याच्या मागील आवरणात आखडलेपणा आला, तर पाय पूर्ण सरळ होत नाही. यांपैकी दुसरा दोष अधिक त्रासदायक ठरतो. किंचित वाकलेल्या पायावर चालताना मांडीच्या पुढील स्नायूला अखंड श्रम पडतात, चाल लंगडी होते आणि दुसऱ्या गुडघ्यावर भार वाढतो.

येथे दोन प्रकारच्या व्रणांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. त्वचेवर दिसणारा लांब व्रण आणि सांध्याच्या आत तयार होणारी ऊती या भिन्न गोष्टी आहेत. त्वचेचा व्रण हलक्या हाताने चोळून मऊ करता येतो. सांध्याच्या आतील चिकटलेपणावर त्या चोळण्याचा प्रभाव पडत नाही; त्यासाठी सांध्याची हालचालच हवी.

आवश्यक हालचालीचे प्रमाण

सपाट जमिनीवर चालण्यासाठी गुडघा सुमारे ६५ ते ७० अंश वाकावा लागतो. जिना चढण्या-उतरण्यासाठी ८० ते १०० अंश आणि नेहमीच्या खुर्चीवरून उठण्यासाठी ९० ते १०५ अंश लागतात. उकिडवे बसण्यासाठी मात्र याहून पुष्कळ अधिक वाकावे लागते. शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्णांचा गुडघा ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. शस्त्रक्रियेपूर्वी तो किती वाकत होता, यावर अंतिम प्रमाण बरेचसे अवलंबून असते.

ही बाब या परिसराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून विभक्त झालेला हिंगोली जिल्हा हळदीच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे या पट्ट्यातील बाजारपेठेचे गाव. खुरपणी, हळद गोळा करणे, जेवणाची पंगत, पूजा आणि शौचविधी ही सारी कामे जमिनीलगत बसून करण्याची येथील रीत आहे. नव्या गुडघ्याने वेदनारहित चालणे साध्य होते. तासन्‌तास उकिडवे बसणे हा त्याचा उद्देश नाही. ही मर्यादा कुटुंबाला आधीच समजली, तर पुढील निराशा टळते. पलंग, उंच खुर्ची आणि कमोडची सोय शस्त्रक्रियेपूर्वीच करून ठेवावी.

घरातील पुनर्वसन

जवळा बाजार परिसरातील रुग्णाला या शस्त्रक्रियेसाठी सामान्यतः नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर अशा शहरी जावे लागते. वॉकरच्या आधाराने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे केले जाते आणि काही दिवसांत घरी पाठविले जाते. टाके साधारणतः १० ते १४ दिवसांनी निघतात. म्हणजेच व्रणऊतीला आकार येण्याचा निर्णायक काळ रुग्णालयात नव्हे, घरात व्यतीत होतो.

घरात दोन टोकाच्या चुका संभवतात. पहिली चूक आदरापोटी घडते. वडीलधाऱ्या माणसाला 'उठू नका, आम्ही आणून देतो' असे सांगून पडून ठेवले जाते. गुडघ्याखाली उशी दिली, की त्याला बरे वाटते. परंतु वाकलेल्या स्थितीत मागील आवरण आखडत जाते. म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवू नये. टाचेखाली कापडाची घडी ठेवून गुडघा अधांतरी सरळ ठेवण्याचा सराव दिवसातून अनेकदा करावा. दुसरी चूक घाईपोटी घडते. मालिश करणाऱ्याकडून पाय बळजबरीने वाकविल्यास ऊती पुन्हा फाटते, सूज वाढते आणि नवी व्रणऊती तयार होते.

या दोहोंच्या मधला मार्ग नियमित व सौम्य हालचालीचा आहे. घोटा वरखाली करणे, मांडी आवळून गुडघा गादीवर दाबणे, टाच गादीवरून सरकवत पाय वाकविणे आणि पलंगाच्या कडेला बसून चांगल्या पायाने शस्त्रक्रियेचा पाय हलकेच मागे रेटणे, हे व्यायाम साध्या पलंगावर करता येतात. एकदाच तासभर श्रम करण्यापेक्षा थोड्या थोड्या वेळाने केलेला सराव हितावह असतो. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामापूर्वी अर्धा तास घेतल्यास तो सुसह्य होतो. व्यायामानंतर बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवावा आणि पाय उंचावर घ्यावा. दोन आठवड्यांच्या सुमारास पाय सरळ होणे आणि ९० अंशांच्या जवळपास वाकणे, हे सर्वसाधारण उद्दिष्ट मानले जाते. यंत्राद्वारे पाय सतत हलवत ठेवण्याची पद्धत पूर्वी बरीच प्रचलित होती. तिचा दीर्घकालीन लाभ मात्र अल्प असल्याचे आढळले आहे.

जखमेवर हळद, लेप किंवा तेल लावू नये. जखम पूर्ण मिटून खपल्या गळाल्यावरच, डॉक्टरांच्या संमतीने, बोटांच्या टोकांनी साध्या तेलाचे हलके मर्दन करावे. व्रणाच्या बाहेरील बाजूस बधिरपणा जाणवतो, कारण तेथील सूक्ष्म मज्जातंतू छेदले जातात. अशा बधिर त्वचेवर गरम शेक दिल्यास भाजण्याचा धोका असतो.

ताठरपणा राहिल्यास

मधुमेह, पूर्वीची शस्त्रक्रिया आणि आधीपासूनचा ताठरपणा यांमुळे धोका वाढतो. काही व्यक्तींच्या शरीरात व्रणऊती मुळातच अधिक तयार होते. त्यामुळे गुडघा आखडला म्हणजे रुग्णाने आळस केला, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरते. अशा वेळी जंतुसंसर्ग किंवा सांध्याच्या मांडणीतील दोष आहे काय, हे प्रथम तपासले जाते. तसे नसल्यास भूल देऊन गुडघा वाकविण्याचा उपाय केला जातो. पहिल्या सुमारे १२ आठवड्यांत तो अधिक गुणकारी असतो. विलंब झाल्यास ऊती घट्ट होते, लाभ घटतो आणि दुर्बिणीद्वारे ऊती मोकळी करण्याची अथवा क्वचित पुनर्शस्त्रक्रियेची वेळ येते. म्हणूनच सहाव्या आठवड्याची तपासणी प्रवासाच्या कंटाळ्याने चुकवू नये. ताप, जखमेतून स्राव, वाढती लाली, पोटरीची वेदनायुक्त सूज किंवा धाप ही लक्षणे दिसल्यास मात्र तपासणीच्या तारखेची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

निष्कर्ष

व्रणऊती शत्रू नाही. तिच्याविना जखम भरत नाही. तिला हालचालीचे वळण देणे हेच पुनर्वसनाचे सार आहे. हे कार्य बहुतांशी घरात होते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णासोबत घरातील एका व्यक्तीने व्यायाम प्रत्यक्ष शिकून घेणे, मोबाइलवरून दर आठवड्याला पाय वाकल्याचे व सरळ झाल्याचे छायाचित्र भौतिकोपचारतज्ज्ञाला पाठविणे आणि पहिल्या तीन महिन्यांच्या तपासणीच्या तारखा आधीच ठरविणे उपयुक्त ठरेल. ग्रामीण महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षण विभाग व राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली ही माहिती सोप्या मराठीत घरोघरी पोहोचवू शकतात. शहरात झालेल्या शस्त्रक्रियेचे यश गावातील ओसरीवर सिद्ध व्हायचे असते, याची जाणीव त्यातून निर्माण होईल.