पुढची गाडी घेण्याआधी बसचं गणित बघा!

उद्या लेक्चर सुरू होण्याआधी वर्गात एक प्रश्न विचारून बघा, 'टू-व्हीलरवरून कोण कोण आलंय?' पुण्यातलं कॉलेज असेल तर किती हात वर जातील, हे तुम्हालाही माहितीये. त्यातल्या सगळ्यांनाच गाडीची हौस असते असं नाही. बसचा भरवसा नाही, म्हणून घरच्यांनी हप्त्यांवर गाडी घेऊन दिलेली असते. मग संध्याकाळी आपण सगळे युनिव्हर्सिटी चौकात एकमेकांच्या मागे उभे राहतो आणि ट्रॅफिकला शिव्या घालतो.

यावर आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे उड्डाणपूल. पण याच चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावा लागला, कारण तिथून मेट्रो आणि नवा पूल न्यायचा होता. चांदणी चौकातला जुना पूलही २०२२ मध्ये स्फोटकं लावून पाडला, आठवतंय ना? रस्ता मोठा झाला की थोडे दिवस बरं वाटतं. मग त्या मोकळ्या जागेत आणखी गाड्या येतात आणि पुन्हा जैसे थे!

खरं तर रस्त्यावरून गाड्या नव्हे, माणसं पुढे सरकली पाहिजेत, असं केंद्र सरकारचं शहरी वाहतूक धोरण २००६ पासून सांगतंय. त्याच वर्षी कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी सुरू झाली, आपल्याच पुण्यात. बससाठी राखलेल्या त्या लेनमध्ये पुढे कोण घुसलं, हे वेगळं सांगायला नको.

आता थोडं गणित. केंद्राच्या निकषांप्रमाणे शहरात दर लाख लोकांमागे ६० बस असतील, तर सेवा चांगली म्हणायची. २०११ च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या ३१ लाख होती आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाख. म्हणजे तेव्हाच २,८८० बस हव्या होत्या. त्यानंतर दोन्ही शहरं केवढी वाढली! पीएमपीकडे मात्र आजही साधारण दोन हजारच बस आहेत आणि त्यातल्या काही रोज दुरुस्तीसाठी डेपोत असतात.

बस वाढल्या तर नेमकं काय होईल? समजा तुमच्या रूटवर ४० मिनिटांनी एक बस आहे. म्हणजे स्टॉपवर सरासरी २० मिनिटं ताटकळणं आलं. बस दुप्पट केल्या की तेच १० मिनिटांवर येतं. ना रस्ता रुंद करावा लागला, ना झाड तोडावं लागलं! मेट्रोचंही तेच. विद्यार्थ्यांना तिकिटात ३० टक्के सवलत आहे, पण स्टेशनवर उतरल्यावर पुढच्या दोन किलोमीटरसाठी बस नसेल, तर माणूस घरूनच गाडी काढणार.

'पण पीएमपी तोट्यात आहे,' असं कुणीतरी म्हणेलच. आहेच. ही तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६० आणि ४० टक्के अशी भरून काढतात. पण उड्डाणपुलाने यंदा किती नफा कमावला, असं आपण कधी विचारतो का? मग हा हिशेब बसलाच का लावायचा?

आणि ज्यांना गाडी परवडतच नाही, त्यांचं काय? शेवटची बस चुकेल म्हणून गॅदरिंगची प्रॅक्टिस अर्धी टाकून निघणारी मैत्रीण प्रत्येक ग्रुपमध्ये असते. लांबच्या चांगल्या कॉलेजात नंबर लागूनही जवळचं कॉलेज घेणाराही असतो. बस नसली की फक्त उशीर होत नाही, अशा संधीही हुकतात.

मग आपण काय करायचं? वर्गातल्या पाच-सहा जणांनी आठवडाभर आपापल्या स्टॉपवर उभं राहून बस यायची वेळ होती किती आणि आली किती वाजता, एवढंच लिहून ठेवा. तो कागद घेऊन पीएमपीकडे जा, आपल्या भागातल्या नगरसेवकाकडेही जा. महापालिकेचं बजेट दरवर्षी येतं. त्यात पुलांना किती आणि बसना किती, हे पेपरात शोधून वाचा. पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आलं की विचारा, 'आमच्या रूटवर बस किती वाढवणार?' आपल्यातले बरेच जण आता मतदारही आहेत, नाही का?