लंकेचा पहिला प्रवास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी जेथे स्थिरावली, त्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांत मोठा प्रवास म्हटला की काशी, रामेश्वर, पंढरपूर किंवा कुलदैवताचे दर्शन असा अर्थ पूर्वी ठरलेला असे. आता मुलांच्या परीक्षा संपत आल्या म्हणजे त्याच घरांच्या दिवाणखान्यांत परदेशगमनाची मसलत बसते, आणि अंतर, खर्च, भोजन व आजी-आजोबांची प्रकृती यांचा ताळेबंद मांडता मांडता बोट पुष्कळदा श्रीलंकेवर येऊन थांबते. निवड उत्तम आहे. गिरिशिखरे, चहाचे मळे, समुद्रतीर, अरण्ये आणि दोन सहस्र वर्षांहून जुनी नगरे अवघ्या ६५,६१० चौरस किलोमीटरांत एकत्र नांदताना क्वचितच आढळतील. मात्र रामकथेमुळे हा देश आपल्याला जन्मापासून परिचित वाटतो, म्हणून युरोपास निघालेला गृहस्थ जितकी चौकशी करील तिच्या दशांशानेही आपण येथे करीत नाही. आणि पहिल्या प्रवासाच्या आराखड्यातले बहुतेक दोष या गृहीत धरलेल्या परिचयातूनच उपजतात.

गैरसमज : बेट ते केवढे! चार-पाच दिवसांत सगळे पालथे घालता येईल.

वस्तुस्थिती : बेटाची दक्षिणोत्तर लांबी सुमारे ४३५ किलोमीटर आणि रुंदी सुमारे २२५ किलोमीटर आहे. ग्वाल्हेरहून दिल्लीचे तीनशेहून अधिक किलोमीटरांचे अंतर वेगवान गाडीने साडेतीन-चार तासांत ओलांडण्याची सवय जडलेला मनुष्य नकाशावर कोलंबो ते कँडी हे ११५ किलोमीटर पाहतो आणि दीड तासाचा हिशेब करून मोकळा होतो. प्रत्यक्षात वस्त्या, वळणे आणि चढ यांमुळे तीन तास सहज लागतात. कँडीपासून नुवारा एलिया ऐंशी किलोमीटरांच्या आत, तरीही घाटरस्त्याने अडीच-तीन तासांचा पल्ला. चहाच्या मळ्यांतून जाणारा कँडी ते एला हा विख्यात रेल्वेप्रवास तर नेहमीच्या दिवसांतही सहा-सात तासांचा. शिवाय २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस आलेल्या ‘दितवा’ चक्रीवादळाने डोंगरी लोहमार्गाची मोठी हानी केली, तेव्हा कोणता टप्पा चालू आहे याची खातरजमा करूनच त्यावर दिवस खर्ची घालावा. सपाटीचा वेग मिळतो तो कोलंबोहून दक्षिणेकडे मातरच्या दिशेने जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर. कुटुंबासाठी नियम एवढाच की, एका दिवशी शक्यतो चार तासांहून अधिक मोटारप्रवास नको आणि उतरल्यावरची पहिली रात्र सोडली तर एका ठिकाणी दोन रात्रींहून कमी मुक्काम नको. विमानतळ कटुनायके येथे, कोलंबोच्या उत्तरेस निगोंबोजवळ आहे. म्हणून पहिली रात्र निगोंबोत काढून तसेच अंतर्भागाकडे कूच करणे सोयीचे, कोलंबोच्या गर्दीत शिरण्याचे प्रयोजन नाही.

गैरसमज : उन्हाळ्याच्या सुटीत तेथे पावसाळा, म्हणून जायचे तर डिसेंबरातच.

वस्तुस्थिती : या बेटावर एक नव्हे, दोन मोसमी वारे अंमल गाजवितात आणि त्यांनी प्रदेश वाटून घेतला आहे. मेपासून सप्टेंबरपर्यंतचा नैर्ऋत्य मोसमी वारा कोलंबो, गॉल आणि डोंगरांचा पश्चिम उतार भिजवितो; मध्यवर्ती पर्वतराजी ओलांडताना त्याचे पाणी गळून जाते, त्यामुळे उत्तर-मध्य मैदान आणि पूर्व किनारा याच महिन्यांत कोरडा राहतो. डिसेंबर ते फेब्रुवारीचा ईशान्य वारा याच्या उलट पूर्वेकडे वृष्टी करतो, आणि दक्षिण-पश्चिम किनारा निळाशार व शांत असतो. म्हणजे ग्वाल्हेरात मे महिन्याचा पारा पंचेचाळिशीकडे झुकत असताना ज्यांना सुटी मिळते, त्यांनी लंकाच रद्द करण्याचे कारण नाही. गॉलऐवजी पूर्व किनाऱ्यावरचे त्रिंकोमाली निवडावे, इतकेच. दिवाळीची सुटी मात्र दोन वाऱ्यांच्या संधिकाळात येते. तेव्हा दुपारनंतर विजांसह पाऊस सर्वत्र संभवतो आणि नोव्हेंबरात वादळांचे भय असते.

याच प्रकरणात आणखी एक भ्रम असा की, बेट म्हणजे सर्वत्र उकाडा. नुवारा एलिया १,८६८ मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वराहून सुमारे ५०० मीटर वर आहे. तेथे रात्री स्वेटर आणि कानटोपी लागते. मे महिन्यात जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : वैशाखी पौर्णिमा बहुधा याच महिन्यात येते. त्या वेळी आकाशकंदिलांची आरास आणि रस्तोरस्ती अन्नदान पाहावयास मिळते. परंतु मद्य व मांस यांची विक्री बंद असते, आणि जागा आधी राखून ठेवली नसेल तर मुक्कामाची पंचाईत होते.

गैरसमज : सिगिरिया हा रावणाचा महाल, मुलांना तो दाखविला की लंका पाहिली.

वस्तुस्थिती : सिगिरियाचा पाषाण पाहण्यासारखा आहेच, परंतु त्यावरील राजवाडा इसवी सन ४७७ ते ४९५ या काळात राज्य करणाऱ्या काश्यप राजाने उभारला, असे ‘चूलवंस’ हा सिंहली राजवंशांचा इतिहास सांगतो. पित्याचा वध करून सिंहासन बळकाविणाऱ्या आणि भावाच्या भयाने कड्यावर राजधानी नेणाऱ्या या राजाची हकिकत मुलांना रावणाइतकीच रंजक वाटेल. श्रद्धेने जाणाऱ्यांसाठी नुवारा एलियाजवळ सीता एलिया येथे सीता अम्मनचे मंदिर आहे. तेथे दर्शन अवश्य घ्यावे. श्रद्धास्थान आणि उत्खननाने सिद्ध झालेले स्थळ यांतला भेद मात्र मुलांपासून लपवू नये.

चढाईविषयी एक व्यावहारिक सूचना. ग्वाल्हेरचा किल्ला शहरापासून सुमारे १०० मीटर उंच, आणि उरवाई दरवाज्याने मोटार थेट वर जाते; सिगिरिया त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच, पायऱ्या सुमारे १,२००, आणि शेवटचा भाग कड्याला टेकविलेल्या लोखंडी जिन्याचा. गुडघे कुरकुरणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पायथ्याची जलोद्याने आणि वस्तुसंग्रहालय पाहावे. बाकीच्यांनी सकाळी दार उघडताच चढावे, कारण दुपारी पाषाण तापतो. सार्क देशांच्या नागरिकांना प्रवेशशुल्कात सवलत मिळते, तेव्हा मूळ पासपोर्ट जवळ असू द्यावा.

ग्वाल्हेरच्या वाचकास अधिक जिव्हाळ्याचा वाटावा असा धागा सिगिरियाच्या उत्तरेस, अनुराधपुराजवळच्या मिहिंतले टेकडीवर सापडतो. अशोकपुत्र महेंद्राची आणि देवानांपिय तिस्स राजाची भेट येथे झाली असे परंपरा मानते. आणि ‘महावंस’ सांगतो की, लंकेस निघण्यापूर्वी महेंद्र आपल्या मातेच्या गावी, वेदिसगिरीस राहिला होता. ते गाव म्हणजे आजचे विदिशा, जे भेलसा या नावाने संस्थानी काळात ग्वाल्हेर राज्याचाच भाग होते. महेंद्राची बहीण संघमित्रा हिने नेलेल्या बोधिवृक्षाच्या शाखेची परंपरा सांगणारा वृक्ष अनुराधपुरात आजही पूजिला जातो. अशा स्थळी खांदे व गुडघे झाकलेले असावेत, पादत्राणे बाहेर ठेवावीत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र कदापि काढू नये. तो तेथे उघड अवमान समजला जातो.

गैरसमज : भात, नारळ आणि वरण मिळते, तेव्हा शाकाहाऱ्यांची चिंता नाही.

वस्तुस्थिती : चिंता नाही, पण सावधगिरी हवी. मसुरीचे ‘परिप्पु’ आपल्या वरणाच्या जवळचे, तांदळाच्या शेवयांसारखे इडिअप्पम मुलांना आवडणारे, आणि फणसाची भाजी कोकणची आठवण करून देणारी. घोटाळा होतो तो ‘पोल सांबोल’ या चटणीपाशी. किसलेला ओला नारळ, लाल मिरची, कांदा आणि लिंबू एकत्र कुटताना त्यात पुष्कळदा तपकिरी, लाकडाच्या सालीसारखे दिसणारे तुकडे पडतात. ती वाळविलेली मासळी, ‘उंबलकड’. ती अनेकदा भाज्यांतही स्वादासाठी घालतात, आणि वाढणाऱ्यास तो पदार्थ मांसाहारी वाटेलच असे नाही. म्हणून ‘शाकाहारी आहे का’ असे न विचारता ‘उंबलकड घातले आहे का’ असे नाव घेऊन विचारावे. शंका राहिलीच, तर तमिळ शाकाहारी खाणावळ शोधावी.

गैरसमज : रुपया तेथेही रुपयाच, आणि भारतीयांना व्हिसा लागत नाही.

वस्तुस्थिती : श्रीलंकेचा रुपया वेगळे चलन आहे, भारतीय एका रुपयास त्यांचे तीनाहून अधिक मिळतात, म्हणून भोजनाचे बिल पाहून दचकू नये. फेब्रुवारी २०२४ पासून काही दुकानांत यूपीआय चालते, तरी खेड्यांतून रोख रक्कम लागते. प्रवेशपरवान्याचे नियम अलीकडे अनेकदा बदलले आहेत. शुल्क माफ असणे निराळे आणि परवानगीच नको असणे निराळे; ईटीए हा इलेक्ट्रॉनिक परवाना सरकारी संकेतस्थळावरून प्रवासापूर्वी मिळवावा. पासपोर्टाची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, आणि तान्ह्या मुलाचाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो.

गैरसमज : रामेश्वर करून तसेच बोटीने पलीकडे जाता येईल.

वस्तुस्थिती : एके काळी येत असे. १९१४ पासून धनुष्कोडीहून तलाईमन्नारला आगबोट जाई. डिसेंबर १९६४ च्या वादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले, आणि रामेश्वराहून पुढे चालू राहिलेली वाहतूकही १९८० नंतरच्या दशकात श्रीलंकेतील यादवी युद्धामुळे थांबली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपट्टिनम ते कांकेसंतुरै अशी नौका सुरू झाली, परंतु ती बेटाच्या उत्तर टोकास उतरविते आणि समुद्र खवळल्यास बंद राहते. मुलाबाळांच्या पहिल्या प्रवासाची भिस्त तिच्यावर ठेवू नये. ग्वाल्हेर विमानतळाची नवी इमारत २०२४ मध्ये खुली झाली असली, तरी कोलंबोसाठी दिल्ली, चेन्नई यांसारखे मोठे शहर गाठावेच लागते. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात, म्हणून आदल्या दिवशीच दिल्लीत पोहोचावे.

या साऱ्याचा निष्कर्ष म्हणून आठ रात्रींचे दोन आराखडे सुचवितो. मे-जूनमध्ये निगोंबो एक रात्र. दांबुल्ला परिसरात तीन, त्यांत सिगिरिया, मिहिंतले आणि अनुराधपूर. त्रिंकोमालीस दोन, समुद्रस्नान आणि कड्यावरील कोणेश्वराचे दर्शन. परतीच्या वाटेवर कँडीत दोन, बुद्धाच्या दंतधातूच्या मंदिरासाठी. डिसेंबर-जानेवारीत निगोंबो एक, कँडी दोन, नुवारा एलिया दोन आणि गॉलच्या डच तटबंदीपाशी तीन. पहिल्यात चहाचे मळे सुटतात, दुसऱ्यात सिगिरिया. दोन्ही एकाच खेपेत कोंबू पाहणाऱ्याच्या पदरी केवळ मोटारीची खिडकी पडते. आधी महिना, मग दिशा, मग मुक्काम, आणि हा कागद घरातल्या सर्वांत वयोवृद्ध प्रवाशाने मंजूर केल्यावर विमानाची तिकिटे, असा क्रम ठेवावा. पुष्कळ घरांत स्वस्त तिकीट आधी निघते आणि आराखडा मागाहून त्याच्या तारखांत बसविला जातो. पण तिकीट कितीही सवलतीचे असले, तरी त्यावरची तारीख पाहून वारा काही आपली दिशा बदलीत नाही.