काळी बुरशी: कामाची किती, धोक्याची किती?

पाऊस सुरू झाला की इस्रायलमध्ये अनेक घरांत न्हाणीघराच्या छतावर, कपाटामागे आणि खिडकीच्या कडेला काळे ठिपके दिसू लागतात. हिब्रूत त्याला आपण ओवेश म्हणतो. कांदा सोलताना सालीवर काजळीसारखी पूड हाताला लागते, तीही बुरशीच. ही पूड बहुतेक वेळा ॲस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीची असते. भिंतीवरच्या डागांत ती असू शकते, पण तिथे इतर जातीही असतात आणि नुसत्या डोळ्यांनी त्या ओळखता येत नाहीत.

ही बुरशी म्हणजे काय?

बुरशी म्हणजे वनस्पती नव्हे. तिला सूर्यप्रकाशापासून अन्न बनवता येत नाही. ती आपले पाचकरस बाहेर सोडते, समोरचा पदार्थ तिथेच विरघळवते आणि मग शोषून घेते. तिचे बारीक तंतू पसरतात, त्यांतून उभे देठ निघतात आणि देठांच्या टोकावरच्या गोल डोक्यावर काळ्या बीजाणूंच्या माळा लागतात. 1729 मध्ये मिकेली या इटालियन पाद्र्याला हा आकार चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडण्याच्या साधनासारखा वाटला, म्हणून त्याने ॲस्परजिलस हे नाव दिले. नायजर म्हणजे काळा.

एक बीजाणू मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढा असतो. असे बीजाणू हवेत सगळीकडे असतात आणि आपण रोज ते श्वासाबरोबर आत घेतो. निरोगी शरीर त्यांचा निकाल लावते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

मेलख लिमोन कुठून येते?

किटलीतला क्षार काढायला आपण सुपरमधून मेलख लिमोन आणतो. हेच सायट्रिक ॲसिड, मराठीत लिंबूसत्त्व. पूर्वी ते खरोखर लिंबापासून काढत आणि त्यासाठी इटलीची लिंबे लागत. 1917 मध्ये जेम्स करी या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवले की साखरेच्या आंबट पाण्यात वाढवली तर ही काळी बुरशी भरपूर सायट्रिक ॲसिड तयार करते. थोड्याच वर्षांत ब्रुकलिनमध्ये फायझर कंपनीने कारखान्यात ते बनवायला सुरुवात केली. आज जगातले बहुतेक सायट्रिक ॲसिड याच पद्धतीने बनते. सरबत, जॅम, गोळ्या यांच्या वेष्टनावर ई-330 लिहिलेले असते ते हेच.

मोठ्या टाक्यांत हवा सोडून बुरशी वाढवतात, मग ती गाळून टाकतात आणि द्रव शुद्ध करून त्याचे खडे बनवतात. त्यामुळे मेलख लिमोनमध्ये जिवंत बुरशी नसते. साखर कोणत्या धान्यापासून काढली हा प्रश्न मात्र उरतो, म्हणून पेसाखला त्यावर वेगळा हेखशेर बघावा लागतो.

फळांचा रस नितळ करणारी एन्झाइम्सही ही बुरशी देते. वालाचे बिरडे किंवा हुमुस खाल्ल्यावर पोट फुगू नये म्हणून काही गोळ्या मिळतात, त्यांतले एन्झाइमही हिचेच.

त्रास कोणाला होतो?

सर्वांत जास्त दिसणारा त्रास कानाचा. दमट हवा, पोहणे आणि काडीने कान कोरणे यांमुळे आतली त्वचा ओली राहते, खरचटते आणि तिथे बुरशी वाढते. खूप खाज, दडा बसणे, स्राव आणि ओल्या टीपकागदावर काळे ठिपके असावेत तसा मळ, ही लक्षणे. अशा वेळी घरचे लसणीचे तेल घालू नका. पडद्याला भोक असेल तर ते आत जाते. साधे अँटिबायोटिक थेंबही बुरशीवर चालत नाहीत. कानाच्या डॉक्टरांकडून कान साफ करून बुरशीनाशक औषध घ्यावे लागते. मधुमेहींनी कानाच्या तीव्र दुखण्याकडे अजिबात दुर्लक्ष करू नये.

दम्याच्या रुग्णांना बुरशीच्या ॲलर्जीने जास्त धाप लागते. जुन्या क्षयरोगाने फुप्फुसात पोकळी राहिली असेल तर तिथे बुरशीचा गोळा बनू शकतो. केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे यांना फुप्फुसाचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. तो बहुधा याच कुळातल्या ॲस्परजिलस फ्युमिगेटसमुळे होतो. अशा रुग्णांना ताप, न थांबणारा खोकला किंवा थुंकीत रक्त दिसले तर लगेच डॉक्टर गाठावा. ओवेश साफ करण्याचे कामही त्यांना सांगू नये.

2021 मध्ये भारतातल्या नातेवाइकांकडून कोविडनंतरच्या ‘ब्लॅक फंगस’बद्दल आपण ऐकले. तो म्युकरमायकोसिस, वेगळ्या बुरशींचा आजार. भिंतीवरच्या काळ्या डागाशी त्याची गल्लत करू नका.

घरात काय करावे?

वायिक्राच्या 14व्या अध्यायात घराच्या भिंतीवरच्या डागांचा नियम आहे: घर सात दिवस बंद ठेवून पुन्हा तपासायचे, डाग पसरला तर ते दगड काढायचे, भिंत खरवडायची आणि नवा गिलावा करायचा. ते डाग म्हणजे बुरशीच, असे नाही. पण नुसते वरून झाकून भागत नाही, ही गोष्ट ओवेशलाही लागू पडते.

• गळती आधी दुरुस्त करा. ओलीवर रंग मारला तर डाग परत येतात.
• हिवाळ्यातही रोज थोडा वेळ खिडक्या आणि त्रिसीम उघडा. कपाट भिंतीपासून थोडे दूर ठेवा. बंद खोलीत कपडे वाळत घालू नका.
• साफ करताना मास्क आणि हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, नंतर जागा कोरडी करा.
• एकोनोमिकामध्ये मेलख लिमोन, व्हिनेगर किंवा क्षार काढायचे द्रावण कधीही मिसळू नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि लहान न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो. घसा जळजळला, डोळे झोंबले तर लगेच मोकळ्या हवेत या. श्वास घ्यायला त्रास झाला तर मागेन दावीद आदोमला 101 वर फोन करा.
• कांद्याच्या फक्त वरच्या सालीवर काळी पूड असेल तर ती साल काढून, धुऊन कांदा वापरा. आतून मऊ पडला असेल तर टाका. बुरशी आलेला पाव आणि शेंगदाणे मात्र पूर्ण टाका. शेंगदाण्यावरच्या पिवळट-हिरव्या बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि भाजूनही पूर्ण जात नाही.