गॅमा मॅच, संगणक आणि पडताळा



पूर्वी गच्चीवर माशाच्या काट्यासारखा दिसणारा टीव्हीचा ॲन्टेना असे, तो पालकांना आठवत असेलच. या रचनेचे नाव यागी-उदा. जपानच्या तोहोकू विद्यापीठातील शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी ती १९२६ मध्ये मांडली. हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम, आजही ती वापरतात.

यात एक अडचण येते. रेडिओची केबल साधारणपणे ५० ओहमची असते, पण ॲन्टेनाच्या मुख्य दांड्याचा इंपीडन्स पुष्कळदा २५ ओहमच्या आसपास भरतो. एवढ्या फरकाने सुमारे ११ टक्के शक्ती माघारी फिरते. यावर उपाय म्हणजे गॅमा मॅच. केबलची बाहेरची जाळी मुख्य दांड्याच्या मध्यावर जोडतात. आतली तार कपॅसिटरमधून एका बारीक दांडीला जोडतात. ही दांडी मुख्य दांड्याला समांतर जाते आणि थोड्या अंतरावर पट्टीने त्याला जोडली जाते. पट्टीची जागा आणि कपॅसिटर जुळवले की मेळ बसतो.

ॲल्युमिनियम कापण्यापूर्वी हे सारे संगणकावर तपासता येते. त्यासाठीचा ‘नेक-२’ हा प्रोग्राम अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९८१ मध्ये तयार झाला. तो प्रत्येक तारेचे लहान तुकडे पाडतो आणि एका तुकड्यातील प्रवाहाचा इतर सर्व तुकड्यांवर होणारा परिणाम मोजतो. साध्या ॲन्टेनाचे उत्तर तो उत्तम देतो. गॅमा मॅचमध्ये मात्र जाड दांडा आणि बारीक दांडी अगदी जवळ असतात व एकमेकांना जोडलेल्या असतात. वेगवेगळ्या जाडीच्या तारांचा सांधा हीच ‘नेक-२’ची कच्ची बाजू आहे. आकडे मात्र तो तितक्याच ऐटीत छापतो!

मग काय करावे? शक्य असल्यास दांडा आणि दांडी एकाच जाडीची घ्यावीत, प्रत्यक्षातही आणि संगणकातही. केवळ संगणकात जाडी सारखी करून चालत नाही, कारण जाडीच्या प्रमाणावर इंपीडन्स बदलतो. समांतर तारांचे तुकडे समोरासमोर यावेत. तुकडे वाढवून उत्तर स्थिर राहते का ते पाहावे, पण यालाही मर्यादा आहे. १४५ मेगाहर्ट्झचा अर्धतरंगी दांडा सुमारे १ मीटरचा असतो. त्याचे २० तुकडे केले तर प्रत्येक ५ सेंटिमीटरचा होतो, आणि ५ मिलिमीटर जाडीला हे ठीक आहे. १०० तुकडे केले तर लांबी जाडीच्या दुप्पटच उरते आणि बारीक तारेचे गृहीतच ढासळू लागते.

आणखी एक कसोटी आहे. धातूतील तूट शून्य धरून आणि ॲन्टेना मोकळ्या अवकाशात आहे असे मानून सर्व दिशांचा सरासरी गेन काढावा. तो १ यायला हवा. त्यात फरक पडला तर मॉडेलवर विसंबू नये. शेवटी प्रत्यक्ष ॲन्टेनाला एसडब्ल्यूआर मीटर लावून पट्टी आणि कपॅसिटर जुळवावेत.

प्रकल्पाच्या वहीत संगणकाच्या छापील उत्तरासोबत हा पडताळाही असावा, असा आमचा विद्यार्थ्यांना आग्रह आहे. पालकांनी ॲन्टेना विजेच्या तारांपासून दूर आहे ना, हे पाहावे. प्रक्षेपणासाठी सरकारी परवाना लागतो, हेही ध्यानात ठेवावे. आणि विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की प्रयोगशाळेत संगणकाशेजारी एक मीटरही असावा.