शंभरातलं एक

सकाळचे सहा वाजलेत. अ‍ॅरिझोनातल्या मेसामध्ये मे महिन्यात नऊनंतर गॅरेजात बसवत नाही, म्हणून मुलाच्या शेजारच्या आजोबांनी मला एवढ्या लवकर बोलावलंय. दारातच ते माझ्या हातातल्या चहाच्या कपाकडे बोट दाखवतात. कप बाहेर ठेवा; इथं शिशाचं काम चालतं, आत खाणंपिणं नाही. मग संरक्षक चष्मा माझ्या हातात देतात. त्यांचा आधीच डोळ्यांवर चढलाय.

माझे वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. आत जाताना काडेपेटी गेटवर काढून ठेवावी लागे, एवढंच ते घरी सांगत. त्यामुळे काडतूस म्हटलं की मला फॅक्टरीची उंच भिंत आठवते. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस घरी भरणं १९५९च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. इथं मात्र हे आजोबा स्वतःच्या नेमबाजीपुरती काडतुसं भरतात, जशी एखाद्यानं हौसेनं सुतारकी करावी.

जाड लाकडी बाकाला बोल्टांनी आवळलेली प्रेस. दांड्याच्या एका ओढीत तिची चकती वर जाते, परत खाली येऊन एक घर पुढं सरकते. घरं पाच. पहिल्यात जुना प्रायमर, म्हणजे ठिणगीची टोपी, निघतो आणि झाडलेल्या काडतुसाची फुगलेली पुंगळी मापात येते. दुसऱ्यात नवा प्रायमर बसतो, दारू पडते. तिसरं राखणीचं : दारू कमी किंवा जास्त असली की घंटी वाजते. चौथ्यात गोळी बसते, पाचव्यात पुंगळीचं तोंड आवळलं जातं. घरं भरली की दर ओढीला एक काडतूस तयार.

पण अजून एकही तयार झालेलं नाही. अर्धा तास नुसती जुळणी चाललीय. एकच पुंगळी एकेका घरातून नेतात, कॅलिपर लावतात, डायचा, म्हणजे साच्याचा, आटा किंचित फिरवतात, पुन्हा मोजतात. बाकावर दारूचा एकच डबा. दुसरा कपाटात, कुलपात. दारू तोलायचा काटा ग्रेनमध्ये. ७००० ग्रेनचा एक पौंड होतो, म्हणजे ग्रेन आपल्या गुंजेच्या निम्म्याहून जरासा जास्त. सोनारही इतकी मापं पुन्हा पुन्हा घेत नसेल! दारूच्या वजनाचा आकडा छापील पुस्तकातला, तोही कमाल नव्हे, सुरुवातीचा.

ही पुंगळी ०.३८ स्पेशल रिव्हॉल्वरची. हा नमुना १८९८च्या सुमाराचा, काळ्या दारूच्या हिशेबानं केलेला, म्हणून पुंगळी आतून ऐसपैस. आताची बिनधुराची दारू तिच्या तळाशीच राहते. सगळी भीती त्या रिकाम्या जागेत आहे. दोनदा दारू पडली तरी पुंगळी उतू जात नाही, वरून काही कळत नाही, आणि उडवणाऱ्याच्या हातात रिव्हॉल्वर फुटू शकतं. दारू पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. मागून दुसरी सुटली की नळी गेली. घंटी असूनही आजोबा दिव्याखाली प्रत्येक पुंगळीत डोकावतात.

शंभर प्रायमर मोजून प्रेसच्या नळीत भरले जातात. रेडिओ बंद, फोन घरात. दांडा खाली, वर. खाली, वर. पितळी काडतुसं खोक्यात टपटप पडू लागतात. मी काहीतरी विचारते. ते आधी दांडा पुरता वर नेतात, हात काढतात, मगच उत्तर देतात. मी गप्प बसायचं ठरवते.

चाळिशीच्या आसपास दांडा मध्येच अडतो.

मी असते तर जोर लावला असता. ते अलगद हात काढून घेतात. दुसऱ्या घरात प्रायमर आडवा झालाय. आता कुठल्या पुंगळीत दारू पडली, कुठल्या नाही, याचा अंदाज करायचा नाही, असं म्हणत ते पाचही घरं रिकामी करतात. पहिलीत प्रायमर नव्हताच. तिच्यासकट पाचही पुंगळ्या 'नंतर' लिहिलेल्या डब्यात. चकती पुसतात, एक माप पुन्हा तोलतात आणि पहिल्या घरापासून सुरुवात करतात.

प्रायमर संपतात. हिशेब सोपा आहे : शंभरातले चार 'नंतर'च्या डब्यात गेले, म्हणजे काडतुसं शहाण्णव हवीत. ते मोजतात. पंच्याण्णव. पुन्हा मोजतात. पंच्याण्णवच.

"हलू नका."

मी खुर्चीत पाय न हलवता बसते. सत्तरी ओलांडलेला हा माणूस गुडघे टेकून, टॉर्च फरशीवर आडवा धरून, वीतवीतभर पुढं सरकतोय. बाकाखाली, चटईच्या काठाशी, भिंतीकडे, मग माझ्याकडे. उजेड माझ्या चपलेच्या टाचेपाशी येऊन थांबतो. टिकलीएवढी पितळी टोपी तिथं पडलीय.