लाकडी जमीन आणि दाराशी उरलेली कड

थंडीच्या दिवसांत गार फरशीवर पाय टेकवत नाही, अशी तक्रार ज्येष्ठ मंडळी माझ्याकडे नेहमी करतात. माझ्या आईचीही तीच तक्रार होती. म्हणून तिच्या खोलीत आम्ही जुन्या फरशीवरच लाकडी जमीन बसवून घेतली. काम देखणे झाले. आठव्या दिवशी पहाटे न्हाणीघरातून परतताना तिचा चवडा दाराशी अडला. ती पडली आणि उजवे मनगट मोडले. फळी बारा मिलिमीटरची, तिच्याखालचा फोम तीनचा. दाराशी पंधरा मिलिमीटरची उभी कड उरली होती. रुग्णांना रोज उंबरठ्याविषयी बजावणाऱ्या मला घरातली कड दिसली नव्हती!

उतारवयात चालताना पाऊल जमिनीपासून फारसे उचलले जात नाही. कंपवातात ते घासत पुढे सरकते. दीर्घकाळच्या मधुमेहात तळव्यांची संवेदना मंदावते. त्यातच वर्षानुवर्षे पायांना पाठ असलेली जमीन आपण एका दिवसात बदलतो. म्हणून काम ठरवतानाच सुताराला पहिला प्रश्न विचारावा: जमीन जिथे संपते, तिथे काय करणार? तिथे उतरती पट्टी हवी, तीही फळ्यांहून वेगळ्या रंगाची, म्हणजे अंधूक दृष्टीलाही ती दिसेल. दारांच्या खालच्या कडा तासाव्या लागतील, हेही त्याच वेळी बोलून घ्यावे.

या फळ्यांच्या एका कडेला खाच असते आणि दुसऱ्या कडेला त्या खाचेत शिरणारी जीभ. सांधा नीट बसला तर पृष्ठभाग सलग होतो. मात्र लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगते. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, हे विसरून चालत नाही. फळ्या बसवण्यापूर्वी दोन-तीन दिवस त्याच खोलीत आडव्या ठेवाव्यात आणि भिंतीलगत सुमारे दहा मिलिमीटर फट सोडावी. ती कडेच्या पट्टीखाली झाकली जाते. नीटनेटकेपणाच्या हौसेने फळ्या भिंतीला भिडवल्या, तर जमीन मध्येच उचलली जाऊन फुगवटा येतो आणि ठेच तिथेच लागते. जुनी फरशी खाली-वर असेल तर आधी ती सपाट करून घ्यावी. पायाला मऊ लागावे म्हणून जाड फोम घालू नये. दबणाऱ्या जमिनीवर तोल सांभाळणे कठीण जाते, सांधेही खिळखिळे होतात.

चकचकीत पॉलिशचा मोह आवरावा. मोतीबिंदू असलेल्यांना त्यावरची तिरीप सहन होत नाही, शिवाय ओली आहे की कोरडी, हे कळत नाही. पुसायला घट्ट पिळलेले फडके पुरते. बादलीभर पाणी ओतून धुण्याची सवय इथे सोडावी लागते, आणि ती सोडवणे हे फळ्या बसवण्याहून अवघड काम आहे, हे अनुभवाने सांगतो.

काम चालू असताना वृद्धांची झोपण्याची सोय दुसऱ्या खोलीत करावी. दमा असेल तर फळ्या गच्चीत किंवा बाल्कनीत कापून घ्याव्यात. भुसा आत येता कामा नये.

आमच्याकडे आता उतरती, गडद पट्टी आहे आणि पलंगापासून दारापर्यंत रात्रभर मंद दिवा असतो. आई पट्टीपाशी क्षणभर थांबते, पायाने ती चाचपते आणि मगच पुढे जाते.